नदीच्या वाळूतला भेरवा

बिहारमधल्या नद्यांच्या काठी, पूर ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या वाळूच्या पट्ट्यांत एक थोराड रातकिडा राहतो. तिथले लोक त्याला भेरवा म्हणतात. दिवसभर तो वाळूत खोल बीळ करून बसतो आणि अंधार पडल्यावर शिकारीला बाहेर येतो. प्राणिशास्त्रात त्याचं नाव शायझोडॅक्टिलस मॉन्स्ट्रोसस. पहिल्या शब्दाचा अर्थ 'फाटलेल्या बोटांचा', दुसऱ्याचा 'राक्षसी'. या दोन शब्दांमध्ये साठेक वर्षांचं अंतर आहे.

'राक्षसी' हे विशेषण आधीचं, १७७० च्या दशकातलं. ते दिलं लंडनच्या ड्रू ड्रुरी या चांदीच्या व्यापाऱ्याने. दूरदेशी जाणाऱ्या खलाशांकडून तो किडे विकत घ्यायचा आणि त्यांची रंगीत चित्रं छापायचा. हा कीटक पाहून तो चकित झाला असेल तर नवल नाही. भेरव्याचे पंख अंगापेक्षा लांब असतात आणि त्यांची टोकं घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असतात. 'फाटलेल्या बोटांचा' हा शब्द आला १८३५ मध्ये. फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ ऑग्यूस्त ब्रुले यांनी या कीटकासाठी वेगळी प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, केली, आणि तिचं नाव ठरवताना त्यांची नजर पंखांवरून पायांवर गेली. माझ्या मते खरा शोध तिथे लागला. भेरव्याच्या पावलांना दोन्ही बाजूंनी चपटे, रुंद फाटे फुटलेले असतात. भुसभुशीत वाळूत पाय रुतू नये म्हणून तेच उपयोगी पडतात आणि वाळू उपसायलाही तेच. पंखांवर मात्र त्याची फारशी भिस्त नाही. इतर रातकिडे पंख घासून गातात, हा तसं गात नाही. रातकिड्यांच्या पुढच्या पायांवर असणारे कानाचे पडदेही याला नाहीत.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भेरव्याची ओळख शेतीच्या बाजूने झाली. १९०५ मध्ये बुढी गंडक नदीच्या काठी पूसा इथे सरकारी कृषी संशोधन संस्था उभी राहिली, आणि वाळूट जमिनीतल्या पिकांची कीड म्हणून त्याचं नाव लिहिलं जाऊ लागलं. रोपांच्या मुळाशी बिळं करणाऱ्यावर असा संशय येणारच. पुढे जवळून पाहिल्यावर तो प्रामुख्याने इतर किडे पकडून खाणारा, प्रसंगी स्वतःच्या जातभाईंवरही तुटून पडणारा निघाला.

दरम्यान त्याचे नातेवाईक भलत्याच ठिकाणी सापडत होते. १८८८ मध्ये कीटकशास्त्रज्ञ ब्रुनर फॉन वाटेनविल यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या कोमिकस या प्रजातीची नोंद केली. त्या कीटकांना पंख मुळीच नाहीत, पण पावलं तशीच फाटलेली. १९०१ मध्ये तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या जातीला नाव मिळालं इनएक्स्पेक्टॅटस, म्हणजे 'अनपेक्षित'. भारतीय उपखंड, तुर्कस्तान आणि आफ्रिकेचं दक्षिण टोक, एवढ्या विखुरलेल्या ठिकाणी एकच कुळ पोचलं कसं?

याचं उत्तर शोधायला ब्राझीलमध्ये जावं लागतं. तिथल्या क्रातो खडकांतला, अकरा कोटी वर्षांहून जुना एक जीवाश्म दुसऱ्याच, नामशेष झालेल्या कुळात टाकून दिलेला होता. २०११ मध्ये सॅम हेड्स आणि लेआ लॉयझिंगर या संशोधकांनी तो पुन्हा तपासला आणि थेट शायझोडॅक्टिलस प्रजातीत आणला. तो कोरड्या प्रदेशात, जमिनीत बिळं करून राहत असावा हा त्यांचा निष्कर्षही पावलांच्या ठेवणीवरूनच निघाला. भारत, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका हे सगळे एकेकाळी गोंडवन नावाच्या एकाच भूखंडाचे भाग होते, हे लक्षात घेतलं की हा पसारा चमत्कारिक वाटत नाही. डायनोसॉरांच्या काळात वाळूत चालण्यासाठी घडलेली पावलं भेरवा आजही जवळपास तशीच वापरतो, हे वाचून मी कितीतरी वेळ त्याचं चित्र बघत बसलो होतो.

मुळात हा रातकिडा आहे का, हा वाद अजून पुरता मिटलेला नाही. शरीररचना पाहणाऱ्या काहींनी त्याला रातकिड्यांच्या शाखेवर बसवलं. २०१५ मधल्या मोठ्या जनुकीय अभ्यासात तो लांब मिशांच्या नाकतोड्यांच्या बाजूला गेला. सध्या त्याच्या कुळाला स्वतंत्र महाकुळाचा दर्जा आहे.

तुर्कस्तानातल्या 'अनपेक्षित' जातीचा मुख्य आसरा म्हणजे चुकुरोवाच्या त्रिभुज प्रदेशातल्या वाळूच्या टेकड्या, आणि शेती व बांधकामं त्या टेकड्यांना खेटून वाढत आली आहेत. आपल्याकडे भेरव्याची घरं नदीच्या वाळूत आहेत. ट्रक भरभरून उपसली जाते ती हीच वाळू, आणि ती भरताना आतल्या बिळांकडे कोणी पाहत नाही.