दार शाबूत, चौकट निखळलेली

महाधमनीची, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीची भिंत तीन थरांची असते. आतला थर चिरला की रक्त दाबाने मधल्या थरात घुसतं आणि भिंत उसवत जाते. छातीत किंवा पाठीत एकाएकी, काहीतरी फाटल्यासारखी कळ येते. हृदयालगतच्या भागात हे घडलं, तर सुरुवातीला दर तासाला एक-दोन टक्के रुग्ण दगावतात, असा जुना ठोकताळा आहे. म्हणून रात्र असो की पहाट, ऑपरेशन लगेच करावं लागतं.

अशा अनेक रुग्णांत महाधमनीची झडपही गळू लागते. पण गंमत अशी, की झडपेच्या तीन पाकळ्या बहुधा धडधाकट असतात. शेजारच्या दोन पाकळ्या जिथे भिंतीला धरून असतात, ते टेकू थर सुटल्यामुळे खाली ओघळतात. मग पाकळ्या एकमेकींना नीट भिडत नाहीत आणि रक्त उलटं हृदयात येतं. चौकट निखळली म्हणून दार लागत नाही, तसंच हे. चांगलं दार कशाला फेकायचं?

फेकलं तर किंमत मोजावी लागते. धातूच्या झडपेसोबत रक्त पातळ ठेवणारं औषध जन्मभर घ्यावं लागतं, प्राण्यांच्या ऊतींची झडप साधारण १०-१५ वर्षांत झिजते.

म्हणून सर्जन फाटका भाग कापतात, आत डोकावतात आणि ते तीन टेकू वर उचलून भिंतीला शिवतात. ऊती ओल्या कागदासारख्या झालेल्या असतात, दोरा त्यांना कापत जाऊ नये म्हणून टाक्याखाली फेल्टचा, म्हणजे नमद्यासारख्या जाड कापडाचा बारकासा तुकडा ठेवतात. वर डेक्रॉन या कृत्रिम कापडाची नळी जोडली की झालं.

महाधमनीचं मूळ, म्हणजे झडप असलेला हृदयालगतचा भागच खूप फुगलेला किंवा फाटलेला असेल, तर एवढ्यावर भागत नाही. १९६८ मध्ये बेंटॉल आणि डी बोनो या सर्जननी कृत्रिम झडप आणि नळी एकत्रच बसवण्याची पद्धत मांडली. घाईच्या वेळी आजही ती भरवशाची. सर्जन टायरोन डेव्हिड यांची १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेली पद्धत वेगळी: मूळ कापायचं, पण रुग्णाची झडप नळीच्या आत पुन्हा शिवायची. काम नाजूक आणि वेळखाऊ, त्यामुळे मरणासन्न रुग्णावर तो हट्ट धरू नये, असं मला वाटतं.

ऑपरेशनसाठी थांबवलेलं हृदय पुन्हा धडधडू लागलं की अन्ननलिकेतून घातलेल्या सोनोग्राफीच्या नळीने सगळे पडद्यावर बघतात. उलटं येणारं रक्त दाखवणारी रंगाची चिळकांडी अजून मोठी दिसली, तर हृदय पुन्हा थांबवायचं आणि झडप बदलायची.