धागा चमकला म्हणजे बिल्ला नकली?

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन लष्करी कोटावर अतिनील दिवा धरायचा. छातीवर शिवलेल्या गरुडाच्या बिल्ल्याचा धागा चमकला की नकली, नाही चमकला की अस्सल, ही समजूत वर्षानुवर्षं फिरते आहे. ती चूक आहे. कपड्याला शुभ्रपणा देणाऱ्या रसायनांमुळे धागा चमकतो, आणि ती रसायनं युद्धानंतरच्या धुण्याच्या पावडरीतही असतात. १९४० चा अस्सल कोट कुणी घरी धुतला की तोही चमकू शकतो. उलट, जुन्या सुती रिळातल्या धाग्याने काल शिवलेला गरुड अंधारातच राहतो!

त्यापेक्षा छातीवरची लोकर तिरप्या उजेडात पाहा. १९४५ नंतर अनेक कोटांवरचे गरुड उसवले गेले; तिथे सुईची बारीक भोकं आणि न विटलेल्या कापडाचा गडद ठसा राहतो. अशा कोटाला पुन्हा गरुड लावायचा असेल, तर तो त्या ठशावरच बसवा.