पिल्लाचं पोट टम्म दिसतंय? आधी हिरड्या बघा

आमच्या कोकणात घरात एक तरी मांजर आणि वाडीत चारपाच कुत्री असतातच, आणि पिल्लाचं पोट टम्म दिसलं की सगळे म्हणतात काय गुटगुटीत आहे बघा. पण पाठीवरून हात फिरवा, बरगड्या आणि कणा हाताला लागतोय, केस राठ झालेत, खाऊन पण वाढत नाही, तर पोटात जंत आहेत अशी शंका घ्यायचीच. कुत्रीच्या अंगात दबून बसलेल्या गोल जंतांच्या अळ्या ती गाभण असताना जाग्या होतात आणि नाळेतून पिल्लात जातात, म्हणून घराबाहेर पाऊल न टाकलेल्या पिल्लालाही जंत असतात. मांजरीच्या पिल्लांना ते दुधातून मिळतात. कधी उलटीत बोटभर लांब पांढरे जंत पडतात, तेव्हा कळतं तरी.

मला खरी भीती वाटते ती अंकुशकृमीची. हे जेमतेम सेंटीमीटरभर, शीमध्ये सहसा दिसतच नाहीत, पण आतड्याला चिकटून रक्त पितात. वरचा ओठ उचलून बघा, हिरड्या गुलाबी असायला हव्यात, त्या फिकट पांढऱ्या दिसल्या, शी काळपट चिकट असली, पिल्लू सुस्त पडलं तर उद्यावर ढकलू नका हो, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, लहान पिल्लू यात काही दिवसांत जातं. माडाखालची ओली, सावलीतली, रेताड जमीन या अळ्यांना फार मानवते आणि त्या तोंडातून जातात तशा पायाच्या कातडीतूनही शिरतात. पुळणीवर अनवाणी चालणाऱ्या माणसाच्या पायावरसुद्धा लाल, खाजरी, नागमोडी रेघ उठते आणि रोज थोडी पुढे सरकते.

शेपटीखालच्या केसांत काकडीच्या बियांसारखे तुकडे दिसले तर ते पट्टकृमीचे. अंग चाटताना पिसू पोटात गेली की हे होतात, म्हणून पिसवांचा बंदोबस्त केला नाही तर औषध देऊन पण परत होणार. उंदीर खाणाऱ्या मांजरांना वेगळ्या जातीचे होतात. बूड जमिनीला घासतोय म्हणजे जंतच असं मात्र नाही, बऱ्याचदा तिथल्या ग्रंथी भरलेल्या असतात.

जंत दिसले नाहीत म्हणजे नाहीतच असंही नाही. ताजी शी डबीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, मायक्रोस्कोपखाली अंडी दिसतात. कुत्र्याच्या पिल्लाला २ आठवड्यांचं झाल्यावर जंताच्या औषधाचा पहिला डोस, मांजराच्या पिल्लाला ३ आठवड्यांचं झाल्यावर, मग ८ आठवड्यांपर्यंत दर १५ दिवसांनी, ६ महिन्यांपर्यंत महिन्याला, पुढे साधारण दर ३ महिन्यांनी. डोस वजनावर ठरतो, तेव्हा माणसांची गोळी अंदाजाने मोडून देऊ नका. आणि कुत्र्याचं परमेथ्रिनवालं पिसवांचं औषध मांजराला चुकूनही लावू नका, जिवावर बेतू शकतं.

गोल जंतांची अंडी ताज्या शीमध्ये असतात तेव्हा बाधत नाहीत, त्यांना तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात, पण एकदा मातीत मिसळली की वर्षानुवर्षं टिकतात आणि मातीत खेळणाऱ्या पोरांच्या पोटात गेली तर अळी कधी कधी डोळ्यापर्यंत पोचते. म्हणून अंगणातली शी रोजच्या रोज उचला, खत होईल म्हणून माडाच्या आळ्यात टाकू नका, विहिरीपासून लांब खोल पुरा.