भीमकुंडाची दरी आणि उठलेली गावे : पार्श्वभूमी

परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्याला गेलेला जवळजवळ प्रत्येक जण भीमकुंडाच्या कठड्याशी थांबतो. श्रावणात तिथे आधी काहीच दिसत नाही, नुसता खालून पाण्याचा आवाज येत राहतो. मग वाऱ्याने धुके फाटते. काळ्या दगडाचे एकाखाली एक थर, त्यांवरून सुटलेली धार आणि तळाशी गच्च हिरवे रान उघडे पडते. ही दरी साडेतीन हजार फूट खोल असल्याचे पर्यटकांना सांगितले जाते. तसे असणे शक्य नाही. चिखलदराच समुद्रसपाटीपासून सुमारे ३६०० फुटांवर आहे आणि पायथ्याची अचलपूरची सपाटी बाराशे फुटांवर. दरीला या फुगवलेल्या आकड्याची गरजही नाही.

हा सगळा डोंगर बेसाल्टचा, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा. दक्षिणेकडे तो गाविलगड भ्रंशाच्या, म्हणजे खडकातल्या मोठ्या तुटीच्या, रेषेवर एकदम तुटतो, म्हणून वऱ्हाडातून पाहिला की भिंतीसारखा दिसतो. उत्तरेकडे मात्र सिपना, खापरा, गडगा, डोलार या नद्यांनी तो चिरत नेला आहे. त्या सगळ्या तापीला मिळतात. कड्यावर करवंदी-जांभूळ, उतारावर साग, ओढ्याकाठी बांबू, असे रान हातभर अंतरावर बदलते. वाघ, बिबट, गवा, अस्वल, रानकुत्रे, चौसिंगा हे सगळे इथले. कित्येक दशके नामशेष समजला गेलेला रानपिंगळा हा छोटा घुबड-पक्षी १९९७ मध्ये खानदेशात पुन्हा सापडला आणि पुढे इथे, मेळघाटातही दिसला.

भीमाने कीचकाला मारून या दरीत टाकले ही कथा आणि जवळच्या गाविलगड किल्ल्याचा १८०३ मध्ये इंग्रजांनी केलेला पाडाव वाचकांना ठाऊक आहेच. १८२३ मध्ये एका इंग्रज कप्तानाला हे पठार ‘सापडले’ असे सर्रास लिहितात. गवळी आणि कोरकू आदिवासी त्याच्या कितीतरी आधीपासून इथे गुरे चारत होते. गडाचे नावही गवळ्यांवरूनच पडले, असे मानतात.

दरीतल्या आजच्या जंगलाची गोष्ट खऱ्या अर्थाने १८६६ च्या सुमारास सुरू होते. सागासाठी मेळघाट राखीव झाला, फिरती शेती बंद पडली आणि लाकूडतोडीला मजूर हवेत म्हणून कोरकूंना वनग्रामांत बसवले गेले. कूप (तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा) तोडायचे, रस्ते करायचे, आगी विझवायच्या आणि त्या बदल्यात थोडी जमीन कसायची. म्हणजे पुढे ज्यांना ‘जंगलातले अतिक्रमण’ म्हणून ओळखले गेले, त्यांतली अनेक गावे सरकारी कामासाठीच वसली होती. पुढचा वाद समजायला एवढे ध्यानात ठेवावेच लागते.

देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत मेळघाट आला आणि १९८७ मध्ये गुगामल राष्ट्रीय उद्यान झाले. तोडीचे दिवस संपले, तशी गावांची गरजही संपली. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत कोहा, कुंड, बोरी ही गावे उठली. २००६ मध्ये दोन कायदे झाले. एकाने वाघासाठी जंगलाचा आतला भाग, म्हणजे गाभा, अबाधित राखायला सांगितले, दुसऱ्याने जंगलात राहणाऱ्यांचे हक्क मान्य केले. दोन्हींत एक अट सारखीच होती, लोकांच्या संमतीशिवाय गाव हलवायचे नाही. २००७ च्या डिसेंबरात मेळघाटाचा गाभा जाहीर झाला आणि २००८ पासून कुटुंबामागे दहा लाख रुपये, किंवा जमीन-घर, असा पर्याय आला.

कागदावर या सगळ्याचे नाव ‘ऐच्छिक पुनर्वसन’. मला हा शब्द कधीच सरळ वाटला नाही. ज्या ढाण्याला, म्हणजे कोरकू वस्तीला, पक्का रस्ता नाही, पावसाळ्यात आजाऱ्याला बाजेवर घालून न्यावे लागते, मोह वेचला की गार्ड हटकतो, तिथल्या माणसाने ‘हो’ म्हटले तर ती इच्छा किती आणि नाइलाज किती? उलट बाजूही खोटी नाही. शाळा, दवाखाना, बाजार जवळ यावा म्हणून कित्येक तरुण कोरकू स्वतः अर्ज घेऊन गेले. अठरा वर्षांवरचा मुलगा वेगळे कुटुंब धरला जाई, त्यामुळे काही घरांत पैसा बराच आला. पण तो उतरला अकोट-तेल्हाऱ्याच्या जमिनीच्या बाजारात. जंगलात वाढलेल्या माणसाला तिथे एकराचा भाव कोण सांगणार? अकोट बाजूच्या काही गावांतले लोक कबूल केलेल्या गोष्टी मिळाल्या नाहीत म्हणून परत जंगलात शिरले. जानेवारी २०१९ मध्ये केलपाणी परिसरात त्यांची आणि बंदोबस्तावरच्या पोलीस-वनरक्षकांची चकमक झाली, दोन्हीकडची माणसे जखमी झाली.

त्याच सुमारास वर चिखलदऱ्यात दोन कड्यांमध्ये काचेच्या पुलाचे काम निघाले आणि वन्यजीव परवानगीपाशी अडकले. त्या वादाला वर्तमानपत्रांत जेवढी जागा मिळाली, तेवढी केलपाणीला मिळायला हवी होती.

आता सफारीची जिप्सी एखाद्या उठलेल्या गावावरून जाते तेव्हा वाटाड्या गवताळ मोकळवनाकडे बोट दाखवतो. चितळ तिथे हमखास दिसतात, पहाटे गवेही उतरतात, आणि त्यांच्यामागे वाघ येतो हेही खरेच आहे. जरा नीट पाहिले तर गवतात ओळीने आंबे दिसतात, घरांच्या मागे लावलेले. त्यांच्या सावलीत कोरकूंच्या मुठवा या गावदेवाचा शेंदूर लावलेला दगड असतो. शेंदूर कधी कधी ताजा असतो.