भाड्याची मालमत्ता : कर्ज आणि परताव्याचे गणित

भाड्याच्या उत्पन्नासाठी विकत घेतलेल्या घर, दुकान, कार्यालय किंवा गोदामासाठी पैसा कसा उभारायचा आणि त्यातून परतावा किती सुटेल, हे ठरवण्याची पद्धत. राहण्यासाठी घर घेताना खरेदीदाराची आवड आणि पगार पाहिला जातो. इथे आधी मालमत्तेची स्वतःची कमाई पाहावी लागते.

या कमाईला ‘निव्वळ कार्यकारी उत्पन्न’ म्हणतात. पूर्ण भाड्यातून जागा रिकामी राहण्याचा काळ आणि थकबाकी वजा करायची, मग मालमत्ता कर, विमा, देखभाल व व्यवस्थापनाचा खर्च काढायचा. कर्जाचा हप्ता, प्राप्तिकर आणि घसारा मात्र इथे धरायचा नाही, कारण खरेदीदार बदलला तरी इमारतीची कमाई बदलत नाही. छप्पर, लिफ्ट यांसारख्या मोठ्या दुरुस्त्यांसाठीची तरतूद काही जण या आकड्याच्या आधी वजा करतात, काही नंतर. दोन मालमत्तांची तुलना करताना ही पद्धत एकच असली पाहिजे. विक्रेत्याने दिलेल्या हिशेबात मोठ्या दुरुस्त्यांची ही तरतूद अनेकदा गाळलेली असते.

वर्षाच्या निव्वळ उत्पन्नाला किमतीने भागले की भांडवलीकरण दर, म्हणजेच कॅप रेट मिळतो. किंमत १०० आणि निव्वळ उत्पन्न ६ असेल, तर हा दर ६ टक्के.

आता ७५ कर्ज काढले आणि २५ स्वतःचे घातले, असे धरू. ३० वर्षांच्या मुदतीला ४ टक्के व्याज असेल, तर वर्षाचे हप्ते सुमारे ४.३० होतात, हातात १.७० उरतात, म्हणजे स्वतःच्या पैशावर ६.८ टक्के. व्याज ५.५ टक्के झाले, तर हप्ते ५.११ होतात आणि परतावा जेमतेम ३.६ टक्क्यांवर येतो. व्याजदर कॅप रेटपेक्षा कमी असूनही असे घडते, कारण हप्त्यात मुद्दलही असते. मुद्दल फिटते तशी मालकाची हिस्सेदारी वाढते हे खरे. पण ती रक्कम मालमत्ता विकेपर्यंत किंवा नवे कर्ज काढेपर्यंत हाती येत नाही. म्हणून कॅप रेटची तुलना व्याजदराशी न करता, वर्षभराच्या हप्त्यांचे मूळ कर्जाशी जे प्रमाण पडते त्याच्याशी करावी. ८ टक्के व्याजाला तर हप्ते ६.६० होतात आणि दरवर्षी खिशातून भर घालावी लागते.

कर्ज देणारी संस्था फेडक्षमता गुणोत्तर पाहते : निव्वळ उत्पन्न भागिले वार्षिक हप्ते. १.२५ ही अट असेल, तर वरच्या मालमत्तेला ५.५ टक्क्यांनी साधारण ७० कर्ज मिळेल, ८ टक्क्यांनी ५४-५५ च. दर बदलता असेल, तर आजचा हप्ता पाहून निर्णय घेणे धोक्याचे.

कर्जामुळे किमतीतल्या घटीचा फटकाही मोठा बसतो. बाजारातला कॅप रेट ६ वरून ७ टक्क्यांवर गेला, म्हणजे खरेदीदार तेवढ्याच उत्पन्नाला कमी किंमत देऊ लागले, तर उत्पन्न तेवढेच राहूनही किंमत ८५.७ वर येते. कर्ज ७५ च असते. मालकाचे २५ आता १०.७ उरतात.

अनेक वर्षांची आवक आणि शेवटची विक्री एकत्र मोजण्यासाठी अंतर्गत परतावा दर, म्हणजे या सगळ्यातून गुंतवलेल्या पैशावर पडणारा वार्षिक परतावा, वापरतात. तो विक्रीच्या गृहीत किमतीवर फार अवलंबून असतो. गृहीत किंमत थोडी वाढवली की तोट्याचा व्यवहारही कागदावर फायद्याचा दिसू शकतो, त्यामुळे किंमत अजिबात वाढली नाही असे धरूनही हिशेब एकदा मांडावा.