777 देऊनही परमिशन डिनाइड काहून येते

आमच्या तालुक्याच्या कॉलेजातल्या लॅबमध्ये कोण्या सरानं ओपनएएफएस (फाईली नेटवर्कवरच्या सर्व्हरवर ठेवायची एएफएस नावाची सिस्टिम, तिचं खुलं रूप) बसवून ठेवलं, अन् पोरांची तक्रार एकच, फाईल माझीच हाय, काल उघडत होती, आज परमिशन डिनाइड. मग कोणी चमॉड (फाईलची परवानगी बदलायची कमांड) करून 777, म्हणजे मालक, ग्रुप अन् बाकी सगळ्यांना पुरी मुभा, देते, तरी ढिम्म. याचं मूळ चाळीसेक वर्ष मागचं हाय.

1984 च्या सुमारास सन मायक्रोसिस्टिम्सनं एनएफएस काढलं, तेही नेटवर्कवरून फाईली वाटायचंच. त्यात मशीन सांगेल हा यूजर अमुक नंबरचा अन् सर्व्हर मान डोलावणार, रूटचा, म्हणजे मशीनच्या सर्वाधिकारी यूजरचा, तेवढा अपवाद. एका खोलीतल्या ओळखीच्या मशीनींपुरतं ठीकच होतं ते.

पण तिकडं पिट्सबर्गला कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटीत आयबीएमच्या पैशावर अँड्र्यू प्रोजेक्ट सुरू झाला, त्यातूनच एएफएस निघालं, आपले संगणकशास्त्रज्ञ सत्यनारायणन त्याच्या डिझाईनमधले मोठे नाव, अन् त्यांना जोडायचे होते 5000 च्या वर वर्कस्टेशन. आता होस्टेलच्या पोराच्या टेबलावर जे मशीन हाय, ज्याचा रूट पासवर्ड त्याच्याच खिशात, त्याच्यावर भरवसा ठेवते कोण? म्हणून एएफएसनं मशीनचं ऐकणंच सोडलं. माणसानं पासवर्ड देऊन ठरावीक तासांचं टोकन (ओळखीचा पास) घ्यायचं, अन् परवानगी फाईलवर नाही, डिरेक्टरीच्या एसीएलवर, म्हणजे कोणाला काय करता येते त्या यादीवर. मालकाचे बिट सोडले तर 777 मधलं बाकीचं एएफएस पाहतही नाही! टोकन संपलं की तुम्ही त्याच्यासाठी अनोळखी, अन् अनोळखी माणसालाही तेच उत्तर, परमिशन डिनाइड. हा मेसेज निराळा ठेवला असता तर लय लोकांची डोकेदुखी वाचली असती बाप्पा.

पुढं टोकनसाठी एमआयटीचं केर्बेरॉस (ओळख तपासून तिकीट देणारी सिस्टिम, त्या तिकिटावरच टोकन भेटते) आलं, अन् त्यात घड्याळ. पकडलेला मेसेज कोणी नंतर पुन्हा वापरू नये म्हणून वेळ तपासतात, फरक साधारण 5 मिनिटांच्या वर गेला की तिकीट अडकते. आता उन्हाळ्यात इकडं लाईन कधी जाईल भरवसा नाही, जुन्या मशीनींचे मदरबोर्डवरचे सेल मेलेले, लाईन आली की तारीख कुठच्या कुठं मागं जाऊन बसते, नेट नसलं तर आपोआप दुरुस्तही होत नाही. म्हणून चमॉडच्या आधी डेट पाहा, मग टोकन्स कमांड देऊन टोकन हाय का ते पाहा, मग एफएस लिस्टएसीएल देऊन डिरेक्टरीची एसीएल पाहा. कनेक्शन टाइम्ड आउट आलं तर मात्र गोष्ट वेगळी, तिथं सर्व्हर नाहीतर स्विचच बंद पडलेला असते, बहुतेक त्याच लाईनीपायी.