जन्मठेप म्हणजे नक्की किती वर्षं? हा गोंधळ आला कुठून

एखाद्या मोठ्या खटल्यात जन्मठेप झाली की लगेच घराघरात हिशोब सुरू होतो, चौदा वर्षांनी सुटेल, मग कुणीतरी म्हणतं अहो चौदा पण नाही, जेलमध्ये दिवस वेगळा आणि रात्र वेगळी मोजतात, म्हणजे सातच. हे दिवस-रात्रीचं साफ खोटं आहे, असा कुठलाही नियम नाही. पण चौदाचा आकडा आणि त्याच्या जोडीला फिरणारा वीसचा आकडा हे हवेतून आलेले नाहीत, दोन्ही कायद्यात आहेत, फक्त आपण समजतो त्या कारणासाठी नाहीत. जन्मठेप मरेपर्यंत असावी की नाही यावर भांडायच्या आधी हे जरा बघून घ्यायला हवं.

सुरुवात काळ्या पाण्यापासून होते. १८६० च्या इंडियन पीनल कोडमध्ये जन्मभर तुरुंग अशी शिक्षाच नव्हती, होती ती जन्मभराची हद्दपारी, म्हणजे समुद्रापार नेऊन सोडायचं. अंदमानात त्याच्या दोन वर्षं आधी, १८५८ ला, उठावानंतर पकडलेले पहिले २०० कैदी पोचले होते. सेल्युलर जेल तर खूप नंतरचं, १९०६ ला पूर्ण झालं. तिथेही साधे कैदी जन्मभर कोठडीत नसायचे, काही वर्षं कष्टात काढली आणि वागणूक चांगली असली की तिकीट, म्हणजे कोठडीबाहेर राहायचा परवाना, मिळायचं, मग बाहेर राहून शेती करता यायची, लग्नसुद्धा करता यायचं. राजकीय कैद्यांचं वेगळं. सावरकरांना दोन जन्मठेपा एकामागून एक भोगायच्या होत्या, मिळून ५० वर्षं, सुटकेचं साल १९६०, हे आपण शाळेपासून ऐकतो, पण त्यातली एक गोष्ट लक्षात येत नाही, की ५० भागिले २ म्हणजे एक जन्म २५ वर्षांचा असं तेव्हाच्या सरकारनेच धरलं होतं. प्रत्यक्षात ते १९२४ ला येरवड्यातून अटींवर सुटले आणि १९३७ पर्यंत रत्नागिरीत स्थानबद्ध राहिले. म्हणजे शिक्षेचं नाव एक, कागदावरचा आकडा दुसरा आणि भोगलेली वर्षं तिसरीच, हे शंभर वर्षांपूर्वीपासून चालूच आहे.

आता वीस. पीनल कोडच्या कलम ५७ मध्ये लिहिलं होतं की शिक्षेचा अंश काढायचा असेल तर जन्मठेप २० वर्षांची धरावी. हे फक्त गणितासाठी, उदाहरणार्थ एखाद्या गुन्ह्याच्या प्रयत्नाला मूळ शिक्षेच्या निम्मी शिक्षा असेल तर जन्मठेपेचं निम्मं काढणार कसं, आयुष्य किती कुणाला माहीत, म्हणून २० धरा आणि १० द्या. चौदा आला कलम ५५ मधून, त्यात सरकारला अधिकार होता की जन्मठेप बदलून जास्तीत जास्त १४ वर्षांची कैद करता येईल. करता येईल, करायलाच हवी असं नाही. पण जेलच्या आत आणि बाहेर दोन्हीकडे हे आकडेच जन्मठेपेचा अर्थ होऊन बसले.

स्वातंत्र्यानंतर हद्दपारी करायला अंदमानची कैद्यांची वसाहत उरलीच नव्हती, तेव्हा १९५५ च्या दुरुस्तीने हद्दपारी हा शब्द काढून आजीवन कारावास हा शब्द आला, १ जानेवारी १९५६ पासून. आणि लगेच पाच वर्षांत प्रश्न सुप्रीम कोर्टात गेला, तो नेला गोपाळ गोडसेने. गांधीहत्येच्या कटात त्याला १९४९ ला जन्मभराच्या हद्दपारीची शिक्षा झाली होती. त्याचं म्हणणं असं की जन्मठेप म्हणजे २० वर्षं, त्यातून जेलमध्ये चांगल्या वागणुकीने कमावलेले माफीचे दिवस वजा करा, माझी शिक्षा पूर्ण होते, मला सोडा. जानेवारी १९६१ मध्ये घटनापीठाने सांगितलं की नाही, जन्मठेप म्हणजे उरलेलं संपूर्ण नैसर्गिक आयुष्य, वीसचा आकडा अंशाच्या हिशोबापुरता आहे, जेलच्या रेकॉर्डमध्ये माफीचे दिवस जमतात त्याने आपोआप कुणी सुटत नाही, सोडायचं असेल तर सरकारने तसा आदेश काढायला हवा. म्हणजे "जन्मठेप मरेपर्यंत असावी का" याचं उत्तर कायद्याने केव्हाच देऊन ठेवलंय, ती मरेपर्यंतचीच आहे. फक्त किल्ली सरकारच्या खिशात आहे. तीच किल्ली वापरून सरकारने १९६४ च्या ऑक्टोबरमध्ये गोडसेला सोडलं, पुण्यात त्याच्या सुटकेनिमित्त पूजा झाली, तिथे झालेल्या भाषणावरून एवढा गदारोळ उठला की त्याला परत आत टाकलं आणि पुढे गांधीहत्येच्या कटाची चौकशी करायला कपूर आयोग नेमावा लागला. कोर्टात हरलेला माणूस तीन-चार वर्षांत सरकारी आदेशाने बाहेर येतो, हे त्या निकालाच्या जोडीने वाचायला हवं.

पुढची तेरा-चौदा वर्षं ही किल्ली फार सढळ हाताने फिरली. खुनाच्या गुन्ह्यातले लोक पाच-सहा वर्षांत सुटतात अशी तक्रार संसदेच्या समितीपर्यंत गेली होती. त्यातून डिसेंबर १९७८ ला क्रिमिनल प्रोसिजर कोडमध्ये कलम ४३३-अ आलं: ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकत होती त्यात जन्मठेप झाली असेल, किंवा फाशीची जन्मठेप करून मिळाली असेल, तर प्रत्यक्ष १४ वर्षं आत काढल्याशिवाय सुटका नाही. १९८० ला मारू राम खटल्यात सुप्रीम कोर्टाने ते वैध ठरवलं. म्हणजे आपण ज्याला कमाल मर्यादा समजतो ते चौदा खरं तर किमान आहे! चौदा झाली की फक्त फाईल हलायला सुरुवात होऊ शकते. महाराष्ट्रात तर २०१० ला वर्गवारी आली, गुन्हा कसा, बाईवर की लहान मुलावर, क्रौर्य किती, त्यावरून माफी धरून किती वर्षं काढायची ते ठरतं, आणि ते आकडे चौदाच्या बरेच पुढे जातात. संचित रजा, अभिवचन रजा या वेगळ्या, त्या म्हणजे सुटका नाही, फर्लो-पॅरोलवर काही दिवस घरी येणं, पण गावात तो माणूस दिसला की लोकांना वाटतं सुटलाच.

मग २००८ ला सुप्रीम कोर्टाने एक नवीनच प्रकार काढला. स्वामी श्रद्धानंद नावाच्या माणसाने बंगलोरात बायकोला जिवंत पुरून मारलं होतं. फाशी द्यावी का यावर दोन न्यायाधीशांचं एकमत झालं नाही म्हणून केस तिघांकडे गेली, आणि त्यांनी म्हटलं की एका बाजूला फाशी आणि दुसऱ्या बाजूला व्यवहारात चौदा वर्षं, यात अंतर फार मोठं आहे, म्हणून मधली शिक्षा, आयुष्यभर कैद आणि सरकारने माफी द्यायची नाही. २०१५ ला राजीव गांधी हत्येच्या केसमध्ये (तामिळनाडू सरकारने सगळ्यांना सोडायचं जाहीर केल्यावर तो वाद पेटला होता) घटनापीठाने ३ विरुद्ध २ मतांनी हा प्रकार मान्य केला, पण अधिकार फक्त हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टाला दिला, सेशन्स कोर्टाला नाही. राष्ट्रपती आणि राज्यपालांचा माफीचा अधिकार घटनेतलाच, त्याला हात लागला नाही.

दरम्यान दिल्लीच्या निर्भया घटनेनंतर २०१३ ला संसदेने सामूहिक बलात्कारासारख्या काही कलमांमध्ये स्पष्ट लिहून टाकलं, जन्मठेप म्हणजे त्या व्यक्तीचं उरलेलं नैसर्गिक आयुष्य. त्याच वर्षी मुंबईत शक्ती मिलमधली सामूहिक बलात्काराची घटना घडली. तिघांना २०१४ ला फाशी झाली, २०२१ ला बॉम्बे हायकोर्टाने ती काढून मरेपर्यंत जन्मठेप केली आणि पॅरोल-फर्लो पण नाही असं सांगितलं. म्हणजे त्यांना बाहेरची हवासुद्धा नाही.

आणि आता बिल्किस बानो. २००२ ला गुजरातमध्ये सामूहिक बलात्कार, कुटुंबातल्या माणसांचे खून, त्यात तिची तीन वर्षांची मुलगी. खटला निष्पक्ष चालावा म्हणून मुंबईला आणला, इथल्या स्पेशल कोर्टाने २००८ ला ११ जणांना जन्मठेप दिली, हायकोर्टाने २०१७ ला कायम केली. आणि १५ ऑगस्ट २०२२ ला गुजरात सरकारने १९९२ च्या जुन्या धोरणाखाली अकराही जणांना सोडलं, जेलच्या दारात पेढे आणि हार. मुंबईच्या जजनी नकार दिला होता, सीबीआयने नकार दिला होता. बिल्किसला कुणी विचारलं सुद्धा नव्हतं. ८ जानेवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाने ती सुटका रद्द केली, कारण खटला महाराष्ट्रात चालला होता, निर्णय घ्यायचा अधिकार महाराष्ट्र सरकारचा, गुजरातचा नव्हताच. २१ जानेवारीच्या रात्री ते परत गोध्र्याच्या जेलमध्ये हजर झाले.

ती बातमी वाचून मला पहिल्यांदा वाटलं होतं की बस, आता सगळ्यांनाच मरेपर्यंत आत ठेवा. पण हा सगळा इतिहास वाचल्यावर तसं वाटत नाही. त्या अकरा जणांच्या बाबतीत चूक अशी झाली नाही की सुटकेची सोय कायद्यात होती, चूक अशी झाली की ती बंद खोलीत, चुकीच्या सरकारने, जिच्यावर अत्याचार झाला तिला न कळवता वापरली. आणि दुसरीकडे, विशीतल्या पोराला आज "कधीच नाही" असं सांगणारं कोर्ट तो पन्नाशीचा झाल्यावर कसा असेल हे आज कसं ठरवू शकतं, हे मला कळत नाही. आपल्याच आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला १९३९ ला औंध संस्थानच्या राजांनी खुनाच्या कैद्यांना भिंतीशिवाय शेतीवर ठेवायचा प्रयोग केला, ती वसाहत आजही आहे. मला किल्ली फेकून द्यायची नाही, पण ती कुणाच्या हातात आहे, त्याने कुणाकुणाला विचारलं आणि काय कारण लिहिलं हे सगळं उघड व्हायला हवं, आणि बळी पडलेल्या माणसाच्या घरी ते टीव्हीवरून नाही तर आधी कळायला हवं.

१ जुलै २०२४ पासून पीनल कोड जाऊन भारतीय न्याय संहिता आली. तिच्यातही अंश काढायला २० वर्षांचं कलम आहे, १४ वर्षांची किमान अट क्रिमिनल प्रोसिजर कोडच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत आहे, आणि काही गुन्ह्यांपुढे "आजीवन कारावास" तर काही गुन्ह्यांपुढे "आजीवन कारावास, म्हणजे उरलेलं नैसर्गिक आयुष्य" असं लिहिलंय. १९६१ च्या निकालाप्रमाणे पहिल्याचा अर्थ आणि दुसऱ्याचा अर्थ एकच आहे. मग दुसऱ्यात ते जास्तीचे शब्द कशाला, हे नवा कायदा लिहिताना सुद्धा कुणी सोडवलं नाही.